पुरेसा डोस, पुरेसे दिवस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांची उभी हयात आठवी ते दहावीच्या वर्गांवर गेली. म्हणून व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी मला ‘किशोरवय आणि मानसिक आरोग्य’ असा ऐसपैस विषय सुचवला होता. मी त्यातला एकच कोपरा मागून घेतला. या वयातल्या मुलामुलींना होणारा ओसीडी, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो तो आजार, आणि त्यावरची औषधं. मानसिक आरोग्यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं. या औषधांचं नाव निघालं की मात्र घराघरांत आवाज खाली येतो.

मुलांची मानसोपचार ओपीडी चालवताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे, ते सुरुवातीलाच सांगतो. मंत्रचळात मुलांचं जितकं नुकसान औषधानं होतं, त्याच्या कितीतरी पट अर्धवट औषधानं होतं. डोस कमी, दिवस कमी आणि जरा बरं वाटलं की बंद. मग आई-वडील म्हणतात, ‘गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही.’ मूल ते ऐकतं आणि समजून चुकतं की आपल्यावर आता इलाजच नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची अशी समजूत होणं ही फार गंभीर गोष्ट आहे.

आधी आजाराबद्दल. ‘मला टेबल नीटनेटकं लागतं, मला जरा ओसीडीच आहे’ असं आजकाल सहज म्हटलं जातं. टापटीप हा स्वभाव आहे, त्यात माणसाला समाधान असतं. मंत्रचळात समाधान नसतं. नको असलेला विचार मनात घुसतो, जीव घाबरा होतो, ती घबराट शमवण्यासाठी काहीतरी कृती करावी लागते, क्षणभर सुटल्यासारखं वाटतं आणि तोच विचार पुन्हा येतो. तो निरर्थक आहे हे मुलाला बहुतेक वेळा कळत असतं, तरी थांबता येत नाही. मेंदूचा कपाळामागचा भाग, खोलवरचे कॉडेट आणि थॅलॅमस यांच्यात एक मंडल आहे. ‘काहीतरी चुकलंय’ असा इशारा तिथून निघतो आणि एरवी काम झाल्यावर शांत होतो. दाराच्या बेलचं बटण आत अडकावं आणि बेल वाजतच राहावी, तसं या मुलांमध्ये होतं.

मुलांमध्ये आणि किशोरवयीनांमध्ये याचं प्रमाण साधारण एक ते तीन टक्के मानलं जातं. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्याकडच्या प्रौढांमध्ये ते ०.८ टक्के आढळलं. मुलांमधला कमीत कमी आकडा धरला तरी हजार मुलांच्या शाळेत अशी दहा मुलं निघतात. शिक्षकांना त्यातली किती माहीत असतात? एखादं. कारण हा आजार लपवला जातो आणि मुलं तो फार हुशारीनं लपवतात.

एका मुलीचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दहावीत होती, सेमी-इंग्रजीची, वर्गात पहिल्या पाचांतली. सहामाहीत तिचे मार्क एकदम घसरले, कारण एकही पेपर पुरा झाला नव्हता. आईला वाटलं मोबाइल. वडिलांना वाटलं, लक्ष दुसरीकडे आहे. तिची भूमितीची वही मी मागून घेतली. प्रत्येक ओळ खोडून पुन्हा लिहिलेली. खोडरबर इतका फिरला होता की काही ठिकाणी कागद झिजून पलीकडच्या पानावरची आकृती दिसत होती. ‘त्रिकोण’ या शब्दातला ‘त्रि’ नीट वळणदार आला नाही तर बाबांचा अपघात होईल, असं तिला वाटायचं. असं काही होत नसतं हे तिलाही ठाऊक होतं. पण बाबा रोज दुचाकीवरून एमआयडीसीत जात होते, आणि एक अक्षर पुन्हा लिहून जर बाबा सुखरूप राहणार असतील तर कोणती मुलगी ते लिहिणार नाही?

हे ती आठ महिने कोणालाही बोलली नव्हती.

याहून अवघड विचार असतात, ते मुलं त्याहून जास्त लपवतात. देवघरासमोर हात जोडले की मनात देवाबद्दल शिवी येते. लहान भावाला पाहिलं की त्याला ढकलून देऊ असं वाटतं. घरातल्याच कोणाबद्दल लैंगिक विचार येतो. आपण नीच आहोत, पापी आहोत, अशी त्या मुलाची खात्री होते. पूजाअर्चा, सोवळं, पाळीचे नियम, उष्टं-खरकटं हे सगळं या आजाराचं खाद्य होतं. त्याचा दोष परंपरेला देऊ नये. ज्या घरात जे पवित्र असतं, नेमकं तिथेच हा आजार बोट ठेवतो. म्हणून अशा मुलाला मी आई-वडिलांना बाहेर बसवून सरळ विचारतो, ‘असे असे घाण विचार मनात येतात का? खूप मुलांना येतात.’ त्या प्रश्नावर कित्येक मुलं रडली आहेत. आपल्यासारखं आणखी कोणी असतं, हेच त्यांनी पहिल्यांदा ऐकलेलं असतं.

घरही हळूहळू आजाराच्या तालावर चालू लागतं. मुलगा दोन तास न्हाणीघरात असतो, गच्चीवरची टाकी रिकामी होते, वडील मुकाट्यानं पुन्हा मोटर लावतात. आई दाराबाहेर उभी राहून ‘हो रे, झाले स्वच्छ, झाले’ असं वीस वेळा सांगते. आजी बाहेरून आल्यावर पदर बदलते. हे सगळं प्रेमापोटी होतं आणि यानंच आजाराला बळ मिळतं. आई-वडिलांवर मी यासाठी कधीच रागावत नाही. पण उपचारात ही सोबत टप्प्याटप्प्यानं काढून घ्यावी लागते, हे पहिल्या दिवशीच सांगतो.

आता औषधांकडे येतो.

१९६० च्या दशकात गायगी या स्विस कंपनीनं क्लोमिप्रामिन नावाचं औषध तयार केलं, ते नैराश्यासाठी. मंत्रचळाच्या रुग्णांना त्याचा गुण येतो, असं १९६७ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी नोंदवलं. त्याच सुमारास, १९६६ मध्ये, लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी वर्तनोपचाराची पद्धत मांडली. भीती वाटते त्या गोष्टीला मुद्दाम सामोरं जायचं आणि ठरलेली कृती करायची नाही. उपचाराचे हे दोन्ही रस्ते एकाच वेळी खुले झाले ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. पुढे दोन्हींच्या पाठीराख्यांनी ‘औषध की थेरपी’ असा वाद घातला. तो व्यर्थ होता, हे १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लुईस बॅक्स्टर यांनी मेंदूच्या पेट स्कॅनवर दाखवून दिलं. काही प्रौढ रुग्णांना फ्लुऑक्सेटिन दिलं, काहींना फक्त वर्तनोपचार. जे बरे झाले त्यांच्या मेंदूत त्याच जागी, कॉडेटमध्ये, त्याच दिशेनं बदल दिसला. गोळीचा आणि सरावाचा रस्ता मेंदूत एकाच ठिकाणी जाऊन मिळतो.

मुलांपुरतं बोलायचं तर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात क्लोमिप्रामिन मुलांना देऊन पाहिलं. त्यांचं १९८९ चं पुस्तक सामान्य वाचकांत गाजलं आणि हा आजार लहान मुलांनाही होतो हे जगाला कळलं. त्यांच्याच गटाचा एक प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आज माझं मुख्य सांगणं त्यावरच उभं आहे. क्लोमिप्रामिनवर दीर्घकाळ बऱ्या असलेल्या मुलांपैकी काहींचं औषध, त्यांना कळू न देता, डेसिप्रामिन या दुसऱ्या औषधानं दोन महिन्यांसाठी बदललं. दोन्ही औषधं एकाच कुळातली, दुष्परिणामही सारखे. पण क्लोमिप्रामिन मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर जोरदार काम करतं, डेसिप्रामिन जवळजवळ करत नाही. औषध बदललेल्या ९ मुलांपैकी ८ जणांचा आजार उलटला. ज्यांचं बदललं नाही त्या ११ पैकी फक्त दोघांचा. औषध खरंच काम करत होतं याचा हा पुरावा. आणि घाईनं काढलं तर काय होतं, याचाही.

क्लोमिप्रामिन उत्तम पण जड औषध आहे. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, झोप येते आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ईसीजी काढावा लागतो. त्यामुळे आता मुलांसाठी पहिली निवड असते सेरोटोनिनवरच काम करणाऱ्या एसएसआरआय गटातल्या औषधांची. त्यातली तीन मुलांच्या मंत्रचळासाठी नीट तपासली गेली आणि अमेरिकेच्या औषध नियामकानं मान्य केली. सर्ट्रालीन वयाच्या सहाव्या वर्षापासून, फ्लुऑक्सेटिन सातव्यापासून, फ्लुवोक्सामिन आठव्यापासून. सर्ट्रालीनचा १९९८ चा अभ्यास १८७ मुलांवर झाला. औषध घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के मुलं चांगली सुधारली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २६ टक्के. हा फरक खरा आहे, पण चमत्कार नाही. ‘गोळीनं सगळं जाईल’ असं सांगणारा डॉक्टर आणि ‘गोळीनं काही होत नाही’ असं सांगणारा शेजारी, दोघांपासूनही सावध राहा.

यापुढचा प्रश्न असा की औषध एकटं द्यायचं की थेरपीबरोबर. ड्यूक, पेनसिल्व्हेनिया आणि ब्राऊन या तीन विद्यापीठांनी मिळून ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांचे चार गट केले. बारा आठवड्यांनंतर लक्षणं जवळजवळ नाहीशी झालेली मुलं किती? औषध आणि थेरपी दोन्ही घेणाऱ्यांत ५३.६ टक्के, फक्त थेरपीत ३९.३, फक्त सर्ट्रालीनवर २१.४ आणि खोट्या गोळीवर ३.६. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही आम्ही सगळे त्याच्यापाशीच परत येतो. यातून दोन गोष्टी कळतात. आजार सौम्य असेल आणि चांगला थेरपिस्ट हाताशी असेल तर थेरपीनंच सुरुवात करावी. आजार मध्यम किंवा तीव्र असेल, मूल शाळेत जाऊ शकत नसेल, थेरपीत भाग घेण्याइतकीही ताकद उरली नसेल, किंवा सोबत नैराश्य असेल, तर औषध थेरपीच्या बरोबरीनं, वेळ न दवडता सुरू करावं.

आता तुम्ही म्हणाल, चांगला थेरपिस्ट हाताशी आहे कुठे? पुण्या-मुंबईत मिळतो, तिथेही रांग असते. ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून काम करते आहे. पण धाराशिव, हिंगोली, गडचिरोली इथल्या मुलाचं काय? अशा ठिकाणी औषधच पहिला आणि कधीकधी एकमेव आधार असतो. निदान ते तरी नीट द्यावं, हा माझा हट्ट त्यासाठीच आहे. शिवाय २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात एक मोलाची गोष्ट दिसली. औषधावर थोडा गुण येऊन अडकलेल्या मुलांना पूर्ण थेरपी जोडली तर ६८.६ टक्के मुलं सुधारली. डॉक्टरांनी औषधाच्या भेटीतच थेरपीच्या थोडक्या सूचना दिल्या तर ३४ टक्के. नुसतं औषध चालू ठेवलं तर ३०. म्हणजे पाच मिनिटांच्या सल्ल्यानं थेरपीची गरज भागत नाही. आता ऑनलाइन थेरपी मिळते, मराठीतही मिळते. आठवड्यातून एक तास इंटरनेटची सोय करा, फी परवडत नसेल तर थेरपिस्टला स्पष्ट सांगा.

नीट औषध म्हणजे काय, ते जरा तपशिलात सांगतो, कारण सगळी गडबड इथेच होते.

सुरुवात छोट्या डोसनं होते. सर्ट्रालीन २५ मिलिग्रॅम, फ्लुऑक्सेटिन १०. पहिल्या आठवड्यात पोट बिघडतं, मळमळतं, डोकं दुखतं, झोपेचं वेळापत्रक हलतं. बहुतेक मुलांचं हे दोनेक आठवड्यांत ओसरतं. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. मग डोस हळूहळू वाढवायचा. नैराश्यात ज्या डोसवर भागतं तो मंत्रचळात अनेकदा पुरत नाही. सर्ट्रालीन २०० मिलिग्रॅमपर्यंत, फ्लुऑक्सेटिन ६० पर्यंत न्यावं लागू शकतं. इथे आई-वडील दचकतात. मेडिकलमध्ये कोणीतरी म्हणतं, ‘एवढी पॉवर? एवढ्या लहान पोराला?’ आणि घरी गोळी अर्धी केली जाते. डॉक्टरांना कोणी सांगत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना वाटतं, पूर्ण डोसवर गुण नाही, औषध बदलू. असे दोन बदल झाले की त्या मुलाच्या फाइलवर ‘औषधांना दाद देत नाही’ असा शेरा येतो. प्रत्यक्षात त्याला एकही औषध पुरेसं मिळालेलंच नसतं.

दुसरी गोष्ट वेळेची. तापाची गोळी तासाभरात कळते, ही गोळी नाही. योग्य डोसवर आठ ते बारा आठवडे जावे लागतात. आधी विचार कमी होत नाहीत, विचारांची धार कमी होते. मूल म्हणतं, ‘विचार येतो, पण सोडून देता येतो.’ हे वाक्य ऐकलं की मला कळतं, औषध लागू पडतंय. त्या आधी दर सोमवारी ‘काही फरक?’ असं विचारत बसू नये. आम्ही दर भेटीत मुलांसाठीच्या सीवाय-बॉक्स या मापावर शून्य ते चाळीस असे गुण मांडतो. अठ्ठावीसचे बावीस झाले तर आईला घरात काही दिसत नाही, पण मुलाला आतून जाणवतं. त्या वहीवाल्या मुलीला तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा जाणवलं. सराव परीक्षेत तिनं एक चूक खोडली नाही, तशीच राहू दिली. वर्तनोपचारात तिला तोच गृहपाठ दिला होता. त्याआधी दोन महिने तिला तो जमत नव्हता. औषधानं भीती इतपत खाली आली की गृहपाठ करता आला. दोन्ही उपचार एकमेकांना असे हात देतात.

कोणती गोळी निवडायची हे बारकाव्यांवर ठरतं. फ्लुऑक्सेटिन शरीरात अनेक दिवस टिकतं, त्यामुळे वसतिगृहात राहणाऱ्या, गोळी विसरणाऱ्या मुलासाठी ते सोयीचं. सर्ट्रालीन किंवा फ्लुवोक्सामिन एकदम थांबलं तर चक्कर, अस्वस्थपणा, अंगात करंट गेल्यासारखं होतं. फ्लुवोक्सामिन घेणाऱ्या मुलाच्या शरीरातून कॅफीन फार सावकाश बाहेर पडतं, म्हणून अभ्यासासाठी रात्री जागून तीन कप कॉफी पिणाऱ्या बारावीच्या मुलाला आधीच सांगावं लागतं. या गटाच्या गोळ्यांबरोबर आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढू शकतो. पाळीत पोट दुखलं की मुली त्याच गोळ्या घेतात, तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना लैंगिक दुष्परिणामही होऊ शकतात. ते आपणहून कधीच बोलणार नाहीत, डॉक्टरांनीच एकांतात विचारायला हवं. न विचारल्यामुळे मुलं गुपचूप गोळी बंद करतात.

आता सगळ्यात मोठ्या भीतीबद्दल. मोबाइलवर औषधाचं नाव टाकलं की पहिल्याच पानावर आत्महत्येचा इशारा दिसतो. तो खोटा नाही, त्याची हकिकत नीट समजून घ्या. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं या गोळ्यांच्या माहितीपत्रकात काळ्या चौकटीत इशारा छापायला लावला. २४ अभ्यासांतल्या चार हजार चारशेहून जास्त मुलांची आकडेवारी तपासली होती. आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन औषध घेणाऱ्यांत ४ टक्के, खोट्या गोळीवर २ टक्के. त्या सगळ्या अभ्यासांत एकाही मुलानं आत्महत्या केलेली नव्हती. आणि त्यातली बरीच मुलं नैराश्याची होती. २००७ मध्ये आजारनिहाय हिशेब प्रसिद्ध झाला. मंत्रचळात दर सहा मुलांना औषध दिलं तर एक मूल जास्तीचं सुधारतं. आत्महत्येचे विचार मात्र दोनशे मुलांमागे एका मुलात जास्तीचे दिसतात. आई-बाप म्हणून ते एक मूल आपलं असेल ही धास्ती मला समजते. म्हणून पहिले काही आठवडे आणि डोस वाढवल्यावर लगेचचे दिवस आम्ही लक्ष ठेवायला सांगतो. मूल एका जागी बसू शकत नाही, रात्रभर येरझाऱ्या घालतं, एकदम चिडतं, किंवा झोप न होताही उत्साहात मोठमोठ्या गोष्टी करतं, असं काही दिसलं तर फोन करायचा, पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. घरात कोणाला बायपोलर आजार असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगा.

इथे एक गल्लत होते, ती मी मुद्दाम सांगतो. मंत्रचळातल्या काही मुलांना ‘मी स्वतःला इजा करीन की काय’ अशी भीती वाटते. ती सुरी पाहिली की लांब पळतात, गच्चीवर जायला घाबरतात, घरच्यांना सुऱ्या लपवायला सांगतात. त्या मुलांना मरायचं नसतं, मरण्याच्या विचारानं ती भेदरलेली असतात. हा मंत्रचळच असतो आणि त्याला औषध बंद करून नाही, चालू ठेवून आराम पडतो. ज्या मुलाला खरंच जगणं नको झालंय, त्याचा सूर वेगळा असतो, त्याला त्या विचाराची भीती नसते, ओढ असते. हा फरक घरच्यांनी करू नये, डॉक्टरांनी करावा. पण असा फरक असतो हे घरच्यांना माहीत असलं पाहिजे, नाहीतर इशारा वाचून गोळी बंद होते आणि आजार मोकाट सुटतो.

‘सवय लागेल का?’ हा प्रश्न मला प्रत्येक घर विचारतं. या गोळ्यांची नशा होत नाही, चटक लागत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. ती दिली की मूल त्या रात्री शांत झोपतं, घरच्यांना वाटतं औषध मिळालं. मंत्रचळ तिनं बरा होत नाही, उलट वर्तनोपचारात भीतीला सामोरं जाण्याचा जो सराव हवा, तो झापड आणून अडवला जातो. चिठ्ठीवर फक्त असलीच गोळी असेल तर नम्रपणे विचारा, ‘डॉक्टर, मंत्रचळासाठीची मूळ गोळी कोणती?’

काही मुलांना पहिल्या औषधानं गुण येत नाही, तेव्हा त्याच गटातलं दुसरं औषध देतात, मग क्लोमिप्रामिन. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत मंत्रचळासाठीचं औषध म्हणून आहे. क्वचित छोट्या डोसमध्ये रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोलची जोड देतात, तेव्हा वजन, साखर आणि चरबी तपासत राहायला हवी. डोळे मिचकावणं, मान झटकणं अशा टिक्स सोबत असतील तर नुसत्या एसएसआरआयवर विसंबू नये, थेरपी हवीच.

शेवटचा मुद्दा, बंद कधी करायचं. चांगला गुण आल्यावर किमान एक वर्ष तोच डोस. मग काही महिने लावून थोडा थोडा कमी करायचा, आणि त्या काळात थेरपीची उजळणी. दहावी-बारावीचं वर्ष, गाव बदलणं, घरातलं लग्न किंवा आजारपण अशा वेळी कमी करायला घेऊ नये. मूल बरं दिसतंय ते औषधामुळे बरं दिसतंय, हे लक्षात ठेवावं लागतं. त्या ९ पैकी ८ मुलांची आठवण ठेवा. आणि आजार उलटलाच तर पुन्हा सुरू करायला कमीपणा नाही. ‘मुलीचं लग्न व्हायचंय, किती दिवस डोक्याच्या गोळ्या?’ असं मला विचारलं जातं. मी सांगतो, लग्नाला अजून अवकाश आहे, आता तिला पेपर पुरा लिहिता येऊ द्या.

त्या मुलीनं बोर्डाचे सगळे पेपर पूर्ण लिहिले. औषध पुढे दीड वर्ष चाललं, मग हळूहळू बंद केलं. अकरावीत तिनं विज्ञान शाखा घेतली.

इथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पेपर पुरा न होणाऱ्या हुशार मुलाची वही उघडून बघा. आई-वडिलांना विनंती आहे. गोळी कमी करायची असेल, अर्धी करायची असेल, बंद करायची असेल, तर आधी डॉक्टरांना फोन करा आणि तुम्हाला कशाची भीती वाटते ते मोकळेपणानं सांगा. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीत, मोफत. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं आणि फ्लुऑक्सेटिनची जेनेरिक गोळी गरिबाच्या आवाक्यातली आहे. ‘परीक्षा होऊन जाऊ दे, मग बघू’ असं म्हणू नका. औषधाला बारा आठवडे लागतात, तेव्हा याच आठवड्यात जा.